केसभर मागे

तंजावूरच्या पॉलिटेक्निकमध्ये मी ऑटोमोबाईल शिकवायला लागले तेव्हा पहिल्या वर्षी मुलं माझ्याकडे न बघता फळ्याकडे बघत. बाईमाणसाला इंजिनातलं काय कळणार, असा तो भाव. दुसऱ्या वर्षी मी वर्गात एक मोपेड आणली, तिचं टायमिंग थोडं मागे सरकवलं आणि म्हटलं, आता कँटीनच्या चढावर नेऊन दाखवा. एकाच्याही हातून ती चढेना. मग मी टायमिंग पुन्हा जागेवर आणलं आणि ती भुर्रकन चढली. त्या दिवसापासून मुलं माझ्याकडे बघायला लागली.

टायमिंग म्हणजे ठिणगी कधी पडावी त्याची वेळ. पिस्टन वर चढत असतो, तो अगदी टोकाला पोचायच्या किंचित आधी ठिणगी पडावी लागते, कारण पेट्रोललाही पेट घ्यायला थोडी सवड हवी. फार आधी पडली तर वर येणाऱ्या पिस्टनच्या टाळक्यावर घाव बसतो. इंजिन तापतं, पिस्टन सिलिंडरमध्ये अडकतो, चाकं बांधल्यासारखी थांबतात आणि स्वार पुढे फेकला जातो. उशिरा पडली तर इंजिन जेवून उठलेल्या माणसासारखं सुस्त होतं. ह्या दोन्हींच्या मधली जागा केसभराची. हे सांगताना मी डोक्यावरचा एक केस उपटून मुलांना दाखवत असे. आता उरलेत ते पांढरे, जपून वापरते.

माझा धाकटा भाऊ प्रणवेश बँकेत होता आणि बँकेत त्याचं मन कधीच नव्हतं. एक्क्याण्णवनंतर परदेशी वस्तूंची दारं उघडली, तसा त्याच्या डोक्याचाही कसला तरी दरवाजा उघडला असावा. पंचाण्णवच्या श्रावणात त्यानं मद्रासहून एक क्वाड आणली. चार फुगीर चाकांची मोटरसायकल, मोटारही नाही आणि सायकलही नाही अशी. कुठल्या तरी समुद्रकाठच्या हॉटेलनं शर्यतीसाठी म्हणून जपानहून मागवलेली, मग कंटाळून काढून टाकलेली. मानोजियप्पा वीथीवरच्या आमच्या घरामागे एक पत्र्याची शेड आहे, तीत ती ठेवली. शेजारचे लोक ट्रॅक्टर समजून बघून गेले.

मी मात्र पहिल्याच दिवशी तिच्या प्रेमात पडले, हे कबूल करायला मला संकोच नाही. एकच सिलिंडर, टू-स्ट्रोक, एक बोल्ट जास्तीचा नाही. किक मारली की आधी खोकल्यासारखा आवाज, आणि थ्रॉटल पिळला की एका ठरावीक वेगावर तो आवाज अचानक स्वच्छ होई, सूर लागल्यासारखा. आणि प्रणवेश! पायात चपला घालून बँकेत जाणारा हा मुलगा तिच्यावर बसला की दुसराच कोणी होई. त्याच्या हाताला घाई नव्हती. वळणावर तो अंग आत झोकून द्यायचा तेव्हा मला त्याचा अभिमान वाटे आणि भीतीही.

येत्या जानेवारीत, पोंगलच्या तिसऱ्या दिवशी, म्हणजे लोक जेवणाचे डबे बांधून बाहेर फिरायला पडतात त्या काणुम पोंगलला, वल्लमच्या तांबड्या माळावर क्वाडची शर्यत ठरली होती. मद्रास, पाँडिचेरी, कोइमतूर इथून स्वार येणार होते. अम्मानं आधी नाही म्हटलं. आमची अम्मा, भामाबाई, पोस्टात नोकरी करून निवृत्त झालेली. तिचं नाही म्हणजे शिक्का मारलेलं नाही. शेवटी एका अटीवर तिनं मान हलवली.

"विनुता, चालवायचं तें तो चालवूं दे," ती मला म्हणाली. "मशीन अस्की तूं बघ. त्याला कांहीं झालं तर मी तुलाच विचारीन."

आमची मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे हसतात; अस्की म्हणजे सगळं, हे त्यांना सांगावं लागतं. त्या दिवशी हसण्यासारखं काही नव्हतं. मी अम्माला शब्द दिला.

टायमिंग बसवायची माझी रीत अशी. प्लग काढायचा, त्या भोकातून पिस्टनची हालचाल मोजणारं डायल गेज आत सोडायचं, पिस्टन टोकाला आणायचा आणि तिथून मोजून मागे घ्यायचा. फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाच्या, मागे एक तबकडी असते; ती केसभर पुढे फिरवली की ठिणगी लवकर पडते, मागे फिरवली की उशिरा. ती हवी तिथे आणून दोन स्क्रू आवळायचे. मग स्क्रूच्या डोक्यावरून तबकडीवर जाईल असा लाल नेलपॉलिशचा एक फटकारा मारायचा. वाळला की झालं सील. पुढे स्क्रू हलला किंवा कोणी हलवला तर त्याला तडा जातो आणि चोरी पकडली जाते. नेलपॉलिश मी नखांना कधी लावलं नाही, पण बाटल्या मात्र माझ्याइतक्या कोणी संपवल्या नसतील.

आमच्याकडे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, हत्यारं धुऊन पुसून देवापुढे मांडतात. त्यांना चंदनकुंकू लावतात आणि त्या दिवशी कोणी त्यांना हात लावत नाही. तो त्यांचा विसाव्याचा दिवस. मी देवभोळी नाही, पण ही पद्धत मला आवडते; माझ्या पान्यांनी वर्षभर केलेलं काम मला ठाऊक असतं. त्या वर्षी मी सगळी हत्यारं पुसून पूजेच्या खोलीत नेली. क्वाडला हार घातला, शेडला कुलूप लावलं.

दसऱ्याच्या सकाळी कुलूप काढलं तर क्वाडच्या सीटवर माझा लहान स्क्रूड्रायव्हर पडलेला. लाकडी मुठीचा, तबकडीचे स्क्रू आवळायचा तोच. तो पूजेत न्यायचा राहून गेला होता. त्यात विशेष काही नाही, माणूस विसरतो. मी सवयीनं गेज लावून बघितलं. तबकडी माझ्या खुणेपासून सरकली होती, केसभर मागे. नेलपॉलिशचा फटकारा मात्र अखंड होता, भिंगातून बघितलं तरी तडा दिसेना.

मी प्रणवेशला विचारलं. तो दाढी करत होता, आरशातूनच बघितलं त्यानं माझ्याकडे.

"मी कसाला हात लावूं, अक्का? कुठला स्क्रू काय करतो तें पण मला ठाऊक नाहीं."

हे खरंच होतं. तो स्वार होता. इंजिनाच्या बाबतीत त्याच्याइतका निरागस माणूस तालुक्यात नसेल. मी ठरवलं की मोजताना माझीच चूक झाली असणार. तशीच किक मारली. इंजिन पहिल्यापेक्षा गोड चालत होतं. ती सुरुवातीची खोकल्याची जागा नाहीशीच झाली होती.

दुपारी जेवताना मी अम्माला गंमत म्हणून स्क्रूड्रायव्हरची गोष्ट सांगितली. आमटी वाढता वाढता ती म्हणाली, "अस्क्यांना विसावा दिलीस, त्या एकाला नाहीं. पावम्, राबत बसला असेल." पावम् म्हणजे बिचारा. मी हसले. तिनं मात्र जेवण झाल्यावर तो स्क्रूड्रायव्हर धुतला, चंदन लावलं आणि देवापुढे ठेवून दिला. मी नवा विकत आणला.

तबकडी सरकायची थांबली नाही.

रोज नाही. आधी वाटलं, इंजिनाच्या हादऱ्यानं सरकत असेल. पण हादऱ्यानं सरकणारी वस्तू एकाच बाजूला जाते, आणि ही कधी पुढे जाई, कधी मागे. शिवाय ज्या दिवशी इंजिन चालू केलेलंच नसे त्या दिवशीही सरके. मी शेडचं कुलूप बदललं. चाव्या कॉलेजात नेऊ लागले. सील दोन रंगांचं केलं, लालावर गुलाबी. सकाळी दोन्ही रंग जसेच्या तसे असत आणि तबकडी दुसरीकडे असे.

घाबरायला हवं होतं. पण मी शिक्षक आहे, आणि मला आधी दिसलं ते असं, की हे काम फार सुंदर होतं. प्रत्येक वेळी ते बरोबर असे. कार्तिकात वादळी पावसाची हवा आली, ओल वाढली, तशी तबकडी पुढे सरकलेली मिळाली. मी हिशेब करून बघितला तर तेवढीच सरकायला हवी होती. मार्गळीत, म्हणजे डिसेंबरात, हवा गार आणि जड झाली, तशी ती मागे आली. एकदा विनाकारण बरीच मागे आलेली दिसली. मी चिडून ती पुढे घेणार होते, इतक्यात टाकीचं झाकण उघडलं आणि वास आला. आदल्या दिवशी प्रणवेशनं ओरत्तनाडूच्या वाटेवरून कुठून तरी डब्यातून पेट्रोल आणून भरलं होतं, त्यात रॉकेल मिसळलेलं होतं. माझ्या टायमिंगवर ते इंजिन दोन फेऱ्यांत अडकलं असतं आणि प्रणवेश सरावाच्या रस्त्याकडेच्या कालव्यात गेला असता. मी टाकी रिकामी केली. मग डबा घेऊन स्वतः पंपावर गेले.

त्या दिवसापासून मी मनातल्या मनात त्याला 'तो हात' म्हणू लागले. संध्याकाळी मी माझ्या बुद्धीनं तबकडी लावायची आणि सकाळी तपासलेला पेपर घ्यायला जावं तशी शेडमध्ये जायची. कधी माझी खूण तशीच असे. त्या दिवशी मी वर्गात मुलांवर ओरडत नसे. कधी सुधारणा केलेली असे, आणि ती का केली ते शोधून काढायला मला दिवसभर लागे. वीस वर्षं पुस्तकं वाचून मला जे कळलं नव्हतं, ते त्या तीन महिन्यांत कळलं. इतकं नेमकं काम करणारा माणूस मी पाहिला नाही. त्याला बघावं अशी मला इच्छा होई, आणि शेडमध्ये लपून बसायचं धाडस मात्र कधी झालं नाही. गुरूला चोरून बघू नये, असं मी स्वतःला सांगत असे.

अम्माला काही बोलले नाही. तिला दिलेला शब्द मी आणि तो हात मिळून पाळतोय, असं मला वाटे.

शर्यतीच्या दिवशी सकाळी वीथीवर घरोघरी रांगोळीचे कोलम घातलेले होते, ऊस चघळत मुलं ओट्यावर बसली होती. मी शेड उघडली, गेज लावलं, आणि दोनदा पुसून पुन्हा लावलं.

तबकडी मागे सरकत जवळजवळ टोकावर आली होती. ठिणगी पिस्टन अगदी वर पोचल्यावर पडणार. असं इंजिन सुरू होतं, पण त्यात जीव नसतो.

मी कारण शोधायला बसले. पेट्रोल चांगलं होतं, मी स्वतः आणलं होतं. हवा कोरडी, ऊन स्वच्छ. प्लग नवा. बेअरिंग, पिस्टन, रिंगा सगळं उघडून बघण्याइतका वेळ नव्हता, पण बघता आलं तेवढं बघितलं. काही म्हणता काही सापडेना. प्रणवेश हेल्मेट घेऊन दारात आला. मी त्याला पहिल्यांदाच सगळं सांगितलं, दसऱ्यापासूनचं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. थट्टा केली नाही.

"आणि आज तो काय म्हणतो?"

"आज जाऊं नोको म्हणतो."

त्यानं हेल्मेट सीटवर ठेवलं. मग म्हणाला की इतके महिने तो ह्या एका दिवसासाठी जगला; अर्ध्या ताकदीची गाडी घेऊन माळावर उभं राहणं त्याला जमणार नाही. त्यापेक्षा तो जाणारच नाही. हे तो चिडून बोलला असता तर मी ऐकलं नसतं. तो हळू बोलला.

"अक्का, तुझ्या हातानं लाव. मला तुझा हात पुरे."

मी काय करायला हवं होतं, ते मला आजही कोणी सांगू शकलेलं नाही. इंजिनात दोष नव्हता. कारण नसताना इंजिन मारून ठेवायचं, हे माझ्या कुठल्याही शास्त्रात बसत नव्हतं. मी तबकडी जागेवर आणली, स्क्रू आवळले, सील मारलं. वल्लमला पोचेपर्यंत टेम्पोत क्वाडच्या शेजारी बसून राहिले, कव्हरवर हात ठेवून.

माळावर जत्रा भरली होती. सवुक्कूच्या, म्हणजे सुरूच्या, वाशांचं कुंपण, लाउडस्पीकर, भुईमुगाच्या शेंगा. धुरळा बसावा म्हणून एका टँकरनं पहिल्या वळणावर पाणी मारलं होतं. सात गाड्या ओळीत लागल्या. प्रणवेश मधोमध. सुरुवात करण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नसे. सरावात दर वेळी पहिल्या वळणाला तोच पहिला पोचे.

इंजिन गरम झालं आणि सूर लागला. माझं टायमिंग अचूक होतं.

निशाण पडलं.

सहा गाड्या पुढे गेल्या. सातवी मागे आली.

माळभर हसू पसरलं. धुरळ्यात मला प्रणवेशची पाठ दिसत होती, आमच्याकडे येणारी. तो पुढे झुकलेला होता, थ्रॉटल पूर्ण पिळलेला, इंजिन किंचाळत होतं, आणि क्वाड सरळ रेषेत मागे मागे येत होती. ना इकडे, ना तिकडे. मग ती थांबली.

हसू थांबायच्या आतच पहिल्या वळणावरून आवाज आला.

तांबड्या मातीवर पाणी पडलं की ती साबणासारखी होते. पहिली गाडी आडवी झाली, तिच्यावर दुसरी, मग बाकीच्या. कुंपणाचे वासे कडाकडा मोडले. लोक तिकडे धावले. कोइमतूरचा एक मुलगा सगळ्यांत पुढे होता. तो उठला नाही.

मी प्रणवेशकडे धावले. तो खाली उतरून उभा होता, दोन्ही हात बघत. मी त्याला चाचपलं, खांदे, मान, गुडघे. एक ओरखडा नव्हता. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं.

माणसं भोवती जमली, विचारायला लागली. त्यांना मी शिक्षकाच्या आवाजात सांगितलं, की टू-स्ट्रोक इंजिन उलटंही फिरू शकतं, निघताना बंद पडता पडता झटका बसला तर. जुन्या स्कूटरवाल्यांना हे माहीत असतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही तेच मानलं, आणि मला फार बरं वाटलं. मग माणसं वळणाकडे गेली.

"अक्का," प्रणवेश म्हणाला, "पुढचीं चाकं उचलत होतीं."

मला आधी कळलं नाही. पुढची चाकं उचलतात ती गाडी पुढे झेप घेते तेव्हा.

मी कव्हर काढून बघितलं. सील अखंड. तबकडी माझ्याच खुणेवर, जरासुद्धा हललेली नाही.

मग मी मातीकडे बघितलं. चिखलात अडकलेली बस मागून ढकलणाऱ्यांच्या अंगावर चिखल उडवते, हे कोणालाही ठाऊक आहे. पुढे जाऊ बघणारं चाक माती मागे फेकतं, मागे येणारं चाक पुढे फेकतं. सुरुवातीच्या रेषेपासून क्वाडपर्यंत दोन चर पडले होते, नांगरल्यासारखे खोल. आणि सगळी माती मागे उडालेली होती, क्वाडच्या पाठीमागे ढीग लागेपर्यंत.

चाकं सगळा वेळ पुढेच फिरत होती.

मी चरांच्या कडेनं रेषेपर्यंत चालत गेले. पूर्ण जोरात ओढणारं ते इंजिन, त्यावर माझा भाऊ, आणि एवढ्या अंतरात रेघ कुठेही वाकडी झाली नव्हती. ह्या ताकदीनं तीन महिने ती तबकडी फक्त केसभर सरकवली होती. मी रेषेवरून वळून बघितलं.

मागे प्रणवेश बाजूला उभं राहून, हँडल धरून क्वाड मागे ढकलत चरातून वर काढायला लागला होता. त्याची माझ्याकडे पाठ होती. इंजिन बंद होतं, चर खोल होता, एकट्याच्यानं ते व्हायचं नाही. मी त्याला थांब म्हणणार होते.

"पुरे, अक्का," मागे न बघता तो म्हणाला. "इतकं जोरानं ढकलूं नोको."

मी अजून रेषेजवळच उभी होते.